तिखटावर पाणी

चैत्र सरत आला की आमच्या आळीत कोणाच्या घरी काय चाललंय हे विचारावं लागत नाही. शिंका ऐकू आल्या तर तिथं मिरच्यांची देठं खुडणं चालू आहे, आणि ठसका ऐकू आला तर कांडण सुरू झालंय. आता गावात गिरणी आली आहे. पट्टा फिरला की घमेलंभर मिरचीचं बघता बघता पीठ होतं. आमच्या घरात मात्र अजून उखळ-मुसळच चालतं. गिरणीतलं तिखट करपतं असं मी म्हणते आणि सून माझं ऐकते. खरं तर करपत वगैरे काही नाही. मला तो मुसळाचा आवाज लागतो.

परवा असंच कांडण चाललं होतं आणि नात खेळता खेळता तिखटाचं बोट चोखून बसली. भोकाड पसरून माठाकडं धावली. मी बाजेवरून ओरडले, “पाणी देऊ नगंस तिला. ताक दे.” माझा आवाज एवढा मोठा निघाला की सुनेच्या हातातलं मुसळ थांबलं.

“आत्याबाई, येवढ्याशा तिखटापायी कावून वरडता?” सून म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणते, आमच्याकडं तशी रीतच आहे.

पोरीनं ताक तोंडात धरलं, गिळलं, पुन्हा धरलं. वरच्या ओठावर पांढरी मिशी आली आणि हुंदके देत देत ती हसायलाही लागली. तिचं निवलं. मी काही खाल्लंही नव्हतं, पण माझं तोंड त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेटलेलं होतं.

तिखट लागलं की माणूस आधी पाणी मागतो. इतका साधा जीव तो, आग म्हटली की पाणी एवढंच त्याला ठाऊक. पण जिभेवरची आग पाण्यानं विझत नाही. पाणी तिला जिभेवरून गालात नेतं, गालातून घशात, घशातून कानापर्यंत. घोट गिळेपर्यंत बरं वाटतं आणि गिळला की दुप्पट भडका. ताक असावं, दुधावरची साय असावी, गुळाचा खडा असावा, काही नसलं तर कोरड्या भाकरीचा पापुद्रा चावत बसावं. माझी आई म्हणायची, “तिखटावर पानी दिऊन माणूस मारता येतंय, अन् वर पुण्य बी लागतंय.” ती हे हसत म्हणायची. मी ते हसण्यावारी नेलं नाही.

माझं माहेर बालाघाटावर, बीडच्या वरच्या अंगाला. माळरान, खडक, कुसळं. तिथं पिकायचं ते बेताचं आणि आम्ही खायचो तेही बेताचं. आमटी पिवळी, भाजीत मिरचीचा एखादा तुकडा पडला तर पडला. सासर मात्र गंगथडीचं, गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या काठाला. काळी जमीन, विहिरी, मोटा, आणि मिरचीचे वाफे. निजामाचा अंमल होता, आमच्याकडं त्याला सगळे मोगलाई म्हणत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावचे मोठे जमीनदार. तालुक्याच्या कचेरीत त्यांना बसायला खुर्ची मिळायची आणि घरी आल्यावर त्या खुर्चीची गोष्ट आठवडाभर पुरायची. पण खुर्चीपेक्षाही मोठा अभिमान त्यांना आपल्या जिभेचा होता. कच्ची मिरची दाताखाली फोडत गावच्या पोरांकडं बघायचे आणि म्हणायचे, “ज्याची जीभ भिती, त्याचं काळीज बी भितं बे.”

सासरचा पहिला वैशाख मला अजून डोळ्यांना झोंबतो. अंगणात मिरची, माळवदावर मिरची, बाजेवर मिरची. कोंबड्यासुद्धा शिंकायच्या. आम्ही बायका देठं खुडायला बसलो की दुपारपर्यंत बोटांची आग आग व्हायची. संध्याकाळी हात ताकात बुडवून बसायचं, मग गोड्या तेलाचा हात फिरवायचा, तरी पदर सावरताना मानेला बोट लागलं की पुन्हा जाळ. रडावंसं वाटायचं तेव्हा मी मुद्दाम मिरच्या निवडायला बसायची. कोणी विचारत नाही. या हंगामात सगळ्याच सुनांचे डोळे लाल असतात.

आबा, माझे वडील, वर्षातून एकदा मला बघायला यायचे. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी जेवत नाही, पाण्याचा घोटही घेत नाही. आबा ओट्यावर बसायचे, पटक्याच्या शेवानं घाम पुसायचे, तहान लागली की उठून नदीवर जायचे आणि पिऊन परत येऊन बसायचे. मामंजींना या रीतीचंही हसू यायचं. “इवायाला आमची हीर चालत न्हाई, गंगाच लागती,” ते आपल्या व्याह्याविषयी म्हणायचे, गंगा म्हणजे आमची गोदावरी. आबाही हसायचे. आबा सगळ्याला हसायचे, ही त्यांची खोड होती.

माझा थोरला मुलगा झाला आणि पाठोपाठ वैशाख आला. आबांनी निरोप धाडला, येतो, औंदा लेकीच्या घरी जेवतो. मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी चूल सारवली, पाटे घासले. येसर करायचं ठरलं. येसर म्हणजे आमच्या मराठवाड्याचा मानाचा मसाला, धान्य आणि मसाले भाजून, दळून ठेवलेला, त्याची आमटी लग्नाकार्यात आणि पाहुण्यारावळ्यांत असायचीच. मी ती माझ्या माहेरच्या हातानं केली, बेतशीर. आबांना चालेल अशी. ऊन ऊन भाकरी थापत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “लेकरू रडतंय, जा, पाज त्येला. वाढायचं मी बघते.” मी आत गेले.

लेकराला पाजत असताना ढाळजेतून, म्हणजे पुढच्या सोप्यातून, हसण्याचा आवाज यायला लागला. मला बरं वाटलं. म्हटलं, पंगत रंगली.

दाराआडून पाहिलं तर पंगतीत हसत होते ते सगळे, आबा सोडून. त्यांच्या वाटीत माझी बेतशीर आमटी राहिलीच नव्हती. तिच्यावर ताज्या कांडणातल्या लवंगी मिरचीचा लालभडक थर तरंगत होता. आबांचं नाक गळत होतं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण ते जेवत होते. लेकीच्या घरचं पहिलं अन्न पानात टाकलं तर तिच्या संसाराला उणं येतं, असं आमच्याकडं मानतात. माझ्या संसाराला उणं येऊ नये म्हणून माझा बाप ती वाटी पुसून खात होता.

“काय इवाई, डोंगरात मिरची उगवत न्हाई का?” मामंजी म्हणाले.

आबांनी समोरचा तांब्या उचलला. माझ्या घरचं त्यांनी प्यायलेलं ते पहिलं पाणी. गिळल्यावर त्यांचे डोळे असे झाले की मी शिंक्यावरचं ताकाचं मडकं उतरवून दाराकडं निघाले. पुरुषांच्या पंगतीत सुनेनं जाऊ नये हे मला कळत होतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. “पंगत उठू दे,” त्या म्हणाल्या. मडक्यातलं ताक डचमळून माझ्या पायावर सांडलं.

बाहेर कोणीतरी दयेनं म्हणालं, पाव्हण्याला ताक तरी द्या. मामंजी म्हणाले, “ताक पाळन्यातल्या लेकराला पाजत्यात. आमचा इवाई मर्द माणूस हाय.” मग आबांना ताक मागता येईना. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, त्याच पंगतीत मान खाली घालून जेवत होते. त्यांच्यावरचा माझा राग वेगळा आहे, तो इथं मिसळत नाही.

निघताना आबांनी मला दाराशी बोलावलं. ओठ सुजले होते. “लई झ्याक झालतं जेवान, बाई,” ते म्हणाले, आणि नातवाच्या कपाळावरून हात फिरवणार होते, पण बोटांना तिखट लागलंय हे लक्षात येऊन हात मागं घेतला.

थोड्या वेळानं मी घागर घेऊन नदीवर गेले. आबा काठावर गुडघे टेकून बसले होते आणि बैल पाण्याला लागतो तसं तोंड पाण्यात घालून होते. वर काढायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा बुडवायचे. पटका बाजूला वाळूत पडला होता. मी झुडपाआडून मागं फिरले. मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं तर त्यांना ते तिखटापेक्षा जास्त लागलं असतं. घरी रिकामी घागर आणली म्हणून सासूबाई बोलल्या. बोलू दिलं.

लोक म्हणतात, वेळ गेला की राग निवतो. ज्यांचा निवतो त्यांचा तो राग नसेल, भूक वगैरे असेल. माझा निवला नाही. मी तो वाळवला. मिरचीसारखं आहे ते, ओली असते तोवर तिचं काही खरं नाही, नासते, बुरशी धरते. उन्हात कडकडीत वाळली की मग वर्षानुवर्षं टिकते आणि थोडीशी पुरते. मी घरात हसत होते, वाढत होते, मामंजींचे पाय चेपत होते. आमची सून गुणाची, असं ते चारचौघांत सांगत. मी मान खाली घालून ऐकत असे.

आबा त्यानंतरही यायचे. पण आता त्यांना उपास असायचे. सोमवार असायचा, एकादशी असायची, चतुर्थी असायची, यातलं काहीच नसलं तर नवस असायचा. पंचांगाला ठाऊक नसलेले उपास आबांनी माझ्या दारात केले. मी दूध पुढं केलं तरी, “पोट भरल्यालं हाय, बाई,” म्हणायचे. आणि तहान लागली की उठून नदीवर जायचे, पूर्वीसारखेच. लेकीला मूल झालं होतं, रीत फिटली होती, तरी माझ्या घरचं पाणी माझ्या बापाला वर्ज्य राहिलं. सासरच्या बायका देवळात भेटल्या की विचारायच्या, तुझा बाप तुझ्याकडं जेवत कसा न्हाई गं? माझ्या हातचं माझ्या बापानं एकदा निवांत जेवावं, यापलीकडं मला त्या घराकडून काही नको होतं. सोनं नको होतं, जमीन नको होती. तेवढंच त्यांनी काढून घेतलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पत्ताही नव्हता याचाच मला जास्त संताप यायचा.

मग माझ्या धाकट्या भावाचं, नामाचं, लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातलाच. माहेरी आठ दिवस आधी जायची परवानगी मिळाली. निघण्यापूर्वी मी घरच्या वाळवणातून मिरच्या निवडल्या. दिसायला मरतुकड्या, बोटाच्या पेराएवढ्या, टोकाला वाकलेल्या. त्या फडक्यात बांधल्या आणि लुगड्याच्या घडीत ठेवल्या. सासूबाईंनी विचारलं, काय नेतेस? म्हटलं, आपल्या घरचं थोडं तिखट नेते, आमच्याकडं चांगलं मिळत नाही. त्यांना ते पटलं. गंगथडीच्या माणसाला स्वतःची स्तुती कधीही पटते.

माहेरी मी सून नव्हते, लेक होते. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मांडवामागच्या लिंबाखाली चुलवण पेटलं होतं. मी मोठ्या हंड्यात सगळ्यांचं येसर केलं, आणि बाजूला एका लहान पातेल्यात एकाच माणसाचं. फोडणी टाकली तेव्हा आचारी खोकत पळाला. मी पळाले नाही. सासरच्या वैशाखांनी मला एवढं तरी शिकवलं होतं.

मामंजी आले ते घुंगरांच्या गाडीतून, जरीचा पटका बांधून. पंगतीत त्यांना पहिला पाट दिला. सोयऱ्यांच्या पंगतीत चेष्टा चालते, तिचा राग धरायचा नसतो, ही रीत त्यांच्या गावात आहे तशी आमच्याही गावात आहे. पण वाढणार कोण, हा घोर मला होता. पुरुषांच्या पंगतीत मला जाता येत नव्हतं. नवरदेवाला सांगता येत नव्हतं. तेवढ्यात आबा स्वतःच आले. यजमान म्हणून मानाच्या पाहुण्याला तेच वाढणार होते.

“इवायाचं कोन्चं?” त्यांनी विचारलं.

मी लहान पातेल्याकडं बोट केलं. आबा वाकले. वरचा लाल थर पाहिला, वास घेतला, डोळे मिटले. मला वाटलं, आता हे पातेलं उकिरड्यावर जाणार. आबा तसेच होते. मुंगी पायाखाली आली तर बाजूनं जाणारे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. उपरणं चिमटीत धरून पातेलं उचललं आणि मांडवाकडं चालू लागले.

मी मांडवाच्या कुडाला डोळा लावून उभी राहिले.

पहिल्या घासाला मामंजी हसले. दुसऱ्या घासाला हसणं थांबलं. पुढं काय झालं ते मी अजूनही सावकाश आठवते, घाई करत नाही. कपाळावर घामाचे थेंब आले, मग ओघळ आले, जरीच्या पटक्याची कड भिजली. नाकपुड्या फुगल्या. जिभेची बढाई त्यांनी गावोगाव मारलेली, त्यामुळं थांबता येईना. वाटी खाली ठेवावी तर आमच्या डोंगरातले सगळे लोक बघत होते.

आणि आबा हात जोडून समोर उभे होते. हातात पाण्याचा तांब्या.

“पानी घ्या, इवाई.”

मामंजींनी भांडं पुढं केलं. प्यायले. डोळे वटारले गेले.

“आनखी घ्या. ऊन लई हाय,” आबा म्हणाले, आणि पुन्हा ओतलं. “तोंड कावून असं लाल झालंय? वाटंत ऊन लागलं का काय?”

दोन पावलांवर ताकाचा रांजण होता, ओलं फडकं बांधून गार केलेला. बाकीच्या पंगतीला पोरं वाट्या भरभरून ताक वाढत होती. मामंजींची नजर त्या रांजणाकडं गेली आणि परत आली. मर्द माणसाला ताक मागता येत नाही, हे त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. आबांनी ती नजर पाहिली आणि तांब्या पुन्हा वाकवला. मग वाटीत आणखी आमटी घातली. आग्रह करावा तर आबांनी. पाहुण्याचा हात आडवा आला की तो हातानंच अलगद बाजूला सारायचे.

“संकोच करू नगा. डोंगरचं न्हाई हे, तुमच्याच वावरातली मिरची हाय. तुमच्या सुनंनं संगं आणल्याली,” आबा म्हणाले. अगदी गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मामंजींनी मान वर करून कुडाकडं पाहिलं. मी मागं सरले नाही.

मला आनंद झाला. त्याला मी दुसरं नाव देत नाही. पुढं कीर्तनांत ऐकलं, क्षमा मोठी, क्षमा वीराचं भूषण. असेल. कुडाला डोळा लावून उभ्या असलेल्या बाईला कोणी विचारलं नव्हतं. मामंजी गाडीत आडवे होऊन, तोंड उघडं टाकून, वारा पीत परत गेले असं गाडीवानानं नंतर सांगितलं. ही गोष्ट त्यांनी घरी कधी काढली नाही. काढणार कशी? काढली असती तर जीभ भाजली हे कबूल करावं लागलं असतं. त्यानंतर मात्र त्यांच्या ताटातलं तिखट हळूहळू कमी झालं. आणि मी वाढायला गेले की ते पहिला घास जरा थांबून घ्यायचे.

मला वाटलं, फिटलं. माझ्या सुडाला मी त्या वर्षी धनासारखं कुरवाळत होते. आबांना मी पहिल्यांदाच असं पाहिलं होतं, आणि लेक म्हणून मला त्यांचा केवढा अभिमान वाटला. हसरा, गरीब, सगळ्याला वाट देणारा माझा बाप इतकी वर्षं तोंडात तो घास धरून होता आणि मला वाटत होतं की एकटी मीच धरून आहे.

पुढच्या वैशाखात आबा आले. मामंजी तालुक्याला गेले होते. ओट्यावर न बसता आबा सरळ आत आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, “बाई, आज उपास न्हाई. वाढ जेवायला.”

मीच केलं, मीच वाढलं, दारात कोणी नव्हतं, मनगट धरणारं कोणी नव्हतं. येसर पिवळसर, बेताचं. दही लावलं होतं, भाकरी पांढरीशुभ्र निघाली होती. आबा जेवले. पोटभर जेवले, आणखी भाकरी मागून घेतली, माझ्या घरचं पाणी तांब्या वर करून घटाघटा प्यायले. थोरला त्यांच्या मांडीशी येऊन बसला तर त्याला एक घास भरवला. एवढ्या वर्षांत मी जे मागत होते ते सगळं त्या दुपारी माझ्या चुलीपुढं बसलेलं होतं.

हात धुवायला ते अंगणात आले. मी पाणी घातलं. तोंड पुसायला त्यांनी कमरेचं उपरणं ओढलं तर त्याच्या टोकाला एक गाठ होती. पुसताना ती सैल झाली आणि गुळाचा खडा माझ्या पायाशी पडला. चांगला मोठा खडा होता, मुंग्या लागू नयेत म्हणून पानात गुंडाळलेला. घरून निघताना आठवणीनं बांधून आणलेला.

आबांनी तो पटकन उचलला.

“वाटंत असावा म्हून घेतलता,” ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता हसले.

त्या दिवशी मला कळलं की मामंजींना आपण फार स्वस्तात सोडलं.